ताप उतरला, पण श्वास मोजलात का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका परिचारिका ताईंनी केलेलं भाषण)

बचतीच्या हिशोबाआधी मला दहा मिनिटं दिलीत, बरं झालं. लावणी तोंडावर आलीय, म्हणून एकच गोष्ट सांगायला आले आहे.

काही वर्षांपूर्वीची आषाढातली रात्र. मी वॉर्डात ड्युटीवर होते. चाळिशीतली एक ताई दाखल होती. चार दिवसांचा ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकत होत्या. लावणी अर्धी राहील म्हणून पहिले तीन दिवस तापाची गोळी खाऊन ती चिखलात उतरतच होती. त्या संध्याकाळी ताप उतरला. घरचे खूश, मीही खूश. कागदावर ताप 99 लिहिला आणि शेजारच्या रकान्यात श्वास न मोजताच 20 लिहून टाकला. खोटं कशाला बोलू? गर्दीच्या वॉर्डात असं होतं, आणि ते चूकच आहे.

मध्यरात्री तिची सासू आली. म्हणाली, "सिस्टर, ही बोलता बोलता मध्येच थांबतेय." मोजलं तर मिनिटाला 38 श्वास! बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन 84.

तिला लेप्टो होता, आणि तो फुप्फुसावर गेला होता. या अवस्थेला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. आपल्या फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात. आजार अंगात भडकला की तिथल्या रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि फुग्यांत हवेऐवजी पाणी भरतं. मग माणूस भराभर श्वास घेतो, तरी रक्तात प्राणवायू पोचत नाही. नुसत्या मास्कने भागेलच असं नाही, कितीतरी जणांना व्हेंटिलेटर लागतो. हा दमा नव्हे, म्हणून दम्याच्या पंपाने उतरत नाही. न्यूमोनिया, मलेरिया, स्क्रब टायफस, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, यांतूनही हे होतं. करोनात आपण सगळ्यांनी ते पाहिलंच.

हे तासा-दोन तासांत वाढू शकतं. म्हणून ताप उतरला तरी श्वास मोजायचा. छाती किंवा पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मोठ्या माणसाचा निवांत असताना 12 ते 20 असतो. 24 च्या वर गेला तर दवाखाना गाठा. 30 झाला, नाकपुड्या फुलतायत, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर पडलेत, एक वाक्य एका दमात होत नाही, किंवा माणूस बरळतोय, तर थेट 108. आशाताईंकडे ऑक्सिमीटर असेल तर लावा, पण बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा चुकतो. निरोगी माणसाचा 94 च्या खाली आला तर थांबू नका.

गाडी येईपर्यंत उशा लावून बसतं ठेवा. खायला-प्यायला घालू नका. आणि एक हात जोडून सांगते, "आधी सलाईन लावा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. अशा फुप्फुसाला जास्तीचं पाणी बाधतं. किती द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त ताप कधी आला, चिखलात काम केलं का, पायाला जखम होती का, हे सांगा. त्यावरून औषध लवकर सुरू होतं.

ती ताई अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. वाचली, पण पुढची लावणी तिला जमली नाही. घरची चढण चढतानाही बसावं लागायचं. सासूने मला उठवलं नसतं तर सकाळी कागदावर 20 च दिसला असता.

आता शेजारणीचा श्वास मोजा. तिला सांगू नका, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी बघतेय म्हणून मनगट धरा आणि नजर पोटावर ठेवा. घड्याळ मी बघते. हं, करा सुरू.