भिंतीचा हिशेब

(मलकापूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज हक्कांवर बोलायचे ठरले आहे. पण मी रंगाच्या डब्यापासून सुरुवात करणार आहे. दिवाळी तोंडावर आली आहे आणि घराघरांत रंगाचा विषय निघालाच आहे.

मी शाळेत गणित शिकवते. लांबी गुणिले रुंदी, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिते. तरी माझ्याच घरची खोली रंगवायची निघाली, तेव्हा रंगाऱ्याने दारातूनच नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, वीस लिटर लागेल." मी मुकाट्याने पैसे दिले. काम झाल्यावर अर्ध्याहून जास्त रंग उरला. दुकानदार म्हणाला, छटा मिसळलेला रंग परत घेत नाही. पैसे गेल्याचे वाईट वाटलेच, पण जास्त बोचले ते हे, की मला येत असूनही मी विचारले नाही. बाजारातले माप हे बाईचे काम नव्हे, हे माझ्याही अंगात मुरलेले होते.

खरे तर हे काम आपलेच होते. मातीच्या भिंती आपल्या आया-आज्याच पोतारत आल्या. कोणत्या भिंतीला किती टोपली माती, किती शेण, हे त्या नजरेने सांगत. भिंत सिमेंटची झाली, रंग डब्यात आला, आणि अंदाज पुरुषांकडे गेला. आपल्याकडे उरले ते फक्त सांडलेले डाग पुसणे!

तेव्हा वही काढा. टेप नसेल तर सुतळीने मोजा आणि सुतळी नंतर टेपवर लावा.

समजा खोली १० बाय १२ फूट आहे, उंची १० फूट. चारी भिंतींची लांबी मिळवा: १० आणि १२ म्हणजे २२, त्याची दुप्पट ४४. त्याला उंचीने गुणा: ४४० चौरस फूट. दार ३ बाय ७, म्हणजे २१. दोन खिडक्या ४ बाय ३ च्या, म्हणजे २४. हे ४५ वजा केले की उरले ३९५.

रंगाचे दोन हात द्यायचे, म्हणजे ७९० चौरस फूट. एका लिटरात एका हाताला किती भिंत होते, ते डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकात दिलेले असते. पण तो आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. आपली भिंत खरबरीत असते, रंग पिते. म्हणून इमल्शनला लिटरमागे १०० चौरस फूटच धरा. म्हणजे ८ लिटर. चार लिटरचे दोन डबे झाले. वीस लिटर कुठे आणि आठ कुठे!

छताचे १२० चौरस फूट वेगळे धरा, त्याचा रंग बहुधा पांढरा असतो. जुना रंग गडद असेल तर तिसरा हात लागू शकतो. आणि छटेचा सगळा रंग एकदमच घ्या; मागून आणलेल्या डब्याची छटा थोडी वेगळी निघते आणि भिंतीवर पट्टा दिसतो.

मजुरीचेही तसेच. गवंडी, रंगारी शंभर चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. आपली खोली चार ब्रासला जरा कमी. ब्रासचा भाव काय, दार-खिडकी त्यातून वजा करणार की नाही, हे काम सुरू होण्याआधी विचारा आणि वहीत लिहा. यात भांडण नाही. रंगाऱ्याच्या कष्टाचे पुरे पैसे द्यायचेच, पण हिशेब समजून घेऊन.

बायांनो, एकदा भिंत मोजली की पुढचा प्रश्न आपोआप येतो. ही भिंत कोणाच्या नावावर आहे? महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही. नवऱ्याच्या घरावर मात्र बायकोचे नाव आपोआप लागत नाही. ते बोलून, कागद करून लावून घ्यावे लागते.

म्हणून घरी गेल्यावर दोन कामे करा. एक खोली स्वतः मोजा. आणि घरपट्टीची पावती काढून तिच्यावरचे नाव वाचा. पुढच्या बैठकीला दोन्ही वहीत लिहून आणा. तिथून पुढचे आपण मिळून बोलू.