पुष्पक, टॅक्सी की आपलीच गाडी?

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला तो असा : शमशाबादच्या विमानतळावरून घरी कसं यावं. घरी सांगितलं तर आमची ही म्हणाली, "अहो, यावर भाषण कसलं करायचं? गाडीत बसायचं आणि यायचं." पण इथे हात वर करायला सांगितले तर निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी परदेशात निघेल. आणि परदेशाहून येणारी विमानं उतरतात बहुधा मध्यरात्रीनंतर, दोनला, तीनला. तेव्हा विषय दिसतो तेवढा सोपा नाही.

पूर्वी होता सोपा. बेगमपेटचा विमानतळ गावातच. माझे मेहुणे मस्कतहून यायचे तेव्हा मी स्कूटरवर जायचो आणि ते सामानासकट रिक्षात बसून माझ्या मागे यायचे. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि तो प्रवास चोवीस-पंचवीस किलोमीटरचा झाला. सिकंदराबादकरांना त्याहून जास्त. पुढच्याच वर्षी मेहदीपट्टणमपासून आरामघरपर्यंत साडेअकरा किलोमीटरचा उंच रस्ता झाला, पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाचा. जाता जाता सांगतो, हे पंतप्रधान आपल्याला परके नव्हेत. रामटेकहून लोकसभेत निवडून गेले होते आणि ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. त्यांच्या नावाच्या रस्त्याखालचे खांब तर आता पत्त्यात आले आहेत. अत्तापूरला राहणारे आपले सभासद घराचा नंबर सांगत नाहीत, खांबाचा नंबर सांगतात. टॅक्सीवाल्यालाही तोच कळतो.

आता मुद्द्याचं. बाहेर पडल्यावर समोर तीन मार्ग असतात : आर.टी.सी.ची पुष्पक बस, टॅक्सी आणि घरून आलेली गाडी.

पुष्पक हे नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. विमानातून उतरायचं आणि पुन्हा पुष्पकात बसायचं! बस वातानुकूलित आहे, २०१९ पासून त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. बॅगा ठेवायला जागा असते, भाड्याची घासाघीस नसते. एकट्या माणसाला टॅक्सीच्या मानाने फारच थोडे पैसे पडतात. चौघे असाल तर मात्र चार तिकिटं आणि एक टॅक्सी यांचा हिशेब आधी मांडा, फरक वाटतो तेवढा उरत नाही. पण बस दारात येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. एल. बी. नगर, उप्पलवरून सिकंदराबादकडे जाणारी बस वेगळी, मेहदीपट्टणमची वेगळी, बाहेरच्या रिंगरोडने गच्चीबावलीला जाणारी वेगळी. आपल्या काचीगुड्याच्या किंवा शालीबंड्याच्या माणसाने कुठे उतरायचं आणि तिथून पुढे कसं जायचं, हे विमानात बसण्याआधी ठरवावं. सकाळी नऊला एल. बी. नगरला उतरलात तर समोर मेट्रो आहे. महात्मा गांधी बसस्थानकावर गाडी बदलली की सुलतान बाजार. तीच बस पहाटे साडेतीनला उतरवेल तेव्हा मेट्रो बंद असते, आणि रिक्षावाल्याचा मीटर तर आपल्या गावात दिवसाही शोभेचाच. बसमध्ये वाचवलेले पैसे तो तिथे वसूल करतो.

म्हणून माझं मत असं, की हलकी बॅग, दिवसाची वेळ आणि धडधाकट गुडघे असतील तर पुष्पक. यातलं एक जरी नसेल तर टॅक्सी. विमानतळापर्यंत मेट्रो येणार हे आपण बरीच वर्षं ऐकतो आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये रायदुर्गहून येणाऱ्या मार्गाची पायाभरणी झाली, मग सरकार बदललं, मार्गही बदलला. आपल्या हयातीत आली तर आनंद आहे.

टॅक्सीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण फसगत तिथे होते. बाहेर येताच "साब, टॅक्सी?" म्हणत कोणीतरी हातातली ट्रॉली धरतो. त्याला आपल्या गावच्या भाषेत "नक्को" म्हणायचं. दखनीने हा शब्द आपल्या मराठीतूनच घेतला आहे, तेव्हा तो वापरायचा हक्क आपला पहिला. गाडीची पाटी पाहा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात, विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी टॅक्सी म्हणून दाखवली तर बसू नका, भाडं कितीही कमी सांगितलं तरी. मोबाइलवरून बोलावलेल्या गाडीचा नंबर आणि समोरच्या गाडीचा नंबर जुळल्याशिवाय ओटीपी सांगू नका. आणि आपण गल्लीत राहतो हे आधीच कबूल करा. आमच्याकडे एकदा ड्रायव्हरने फोनवर "कां को जाना साब?" विचारलं, गल्लीचं नाव ऐकलं आणि फेरी रद्द केली. तेव्हापासून आम्ही रुंद रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानाचा पत्ता देतो.

आपल्यातले जे सहा महिने मुलाकडे राहून परततात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र गोष्ट. तिकडे असताना इथल्या सिमचं रिचार्ज राहून जातं. इथे उतरल्यावर फोन मुका होतो, टॅक्सी बोलावायची कशी? आमच्या शेजारच्या काकू अशाच पाऊण तास एका खांबाला टेकून बसून राहिल्या. मुलगा तिकडून फोन लावतोय, यांचा फोन लागत नाही. त्यांच्याकडे डॉलर होते, रुपये नव्हते. पर्सच्या आतल्या कप्प्यात हजार-दीड हजार रुपये जातानाच ठेवून द्या, आणि सरळ प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जा. तिथे मोबाइल लागत नाही. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवली असेल तर ढकलणाऱ्या मुलाला विनंती करा, की टॅक्सीपर्यंत सोड बाबा. संकोच करू नका.

आता तिसरा मार्ग, घरची गाडी. आज बोलायला उभा राहिलो ते खरं तर यासाठी.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी जर्मनीहून दोहामार्गे येत होती, चार वर्षांच्या नातवाला घेऊन. विमान रात्री अडीचचं. ती तीनदा म्हणाली, "बाबा, तुम्ही येऊ नका, मी टॅक्सीने येते." मी म्हटलं, "माझी मुलगी रात्री परक्याच्या गाडीतून येणार? लोक काय म्हणतील?" तेव्हा माझं वय सत्तर. जेवून लवंडलो, पण झोप लागली नाही. एकला निघालो. विमान उशिरा आलं, मग सामान उशिरा आलं. चारच्या सुमारास गाडी सुरू केली. नातू मागच्या सीटवर आईच्या मांडीवर झोपला होता. गप्पा मारत आरामघरला पोचलो, उंच रस्त्यावर चढलो. रस्ता सरळ, मोकळा, दिवे एका ओळीत. त्यानंतरचं मला आठवत नाही. आठवतो तो मुलीचा आवाज, "बाबा!" आणि डावीकडचा कठडा. आरसा कठड्याला घासून मोडला, चाकाचा आवाज झाला, मी स्टिअरिंग वळवलं. एवढंच झालं. कोणाला खरचटलंही नाही. नातू जागासुद्धा झाला नाही.

पुढच्या उतारावरून गाडी कशीबशी खाली आणली. तिथून मुलीने चालवली, तिकडच्या उजव्या बाजूची सवय मोडत, अगदी हळू. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मोडलेल्या आरशाबद्दल हिला मी सांगितलं की पार्किंगमध्ये लागला. मुलीने मला खोटं पाडलं नाही. खरं काय ते हिला आज, इथेच, तुमच्याबरोबर कळतं आहे. घरी गेल्यावर माझं काय व्हायचं ते होईल.

हे सांगतोय कारण इथे किमान पाच-सहा जण असे आहेत, जे अजून रात्री दोनला गाडी काढतात. मला नावं माहीत आहेत. आपण मुलांवरच्या मायेपोटी जातो हे खरं, पण थोडा मानाचा प्रश्नही असतो, हे मी माझ्यापुरतं कबूल करतो. सकाळी नऊचं विमान असेल तर जरूर जा, मीही जातो.

गेल्या महिन्यात मुलगी पुन्हा आली. पहाटे तीनला प्रीपेड टॅक्सी केली, नंबरपाटीचा फोटो पाठवला आणि ती कुठे आहे ते नकाशावर दिसेल अशी सोय करून दिली. मी गॅलरीत बसून तो ठिपका बघत होतो. आरामघरपाशी तो थोडा थांबला तेव्हा मीही थांबलो, श्वास धरून. मग सरकला. औषधांच्या दुकानापाशी मी काठी घेऊन उभा होतो. ड्रायव्हर विशीतला पोरगा, त्याने दोन्ही बॅगा जिन्यापर्यंत आणून दिल्या. हिने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला चहा विचारला. "नक्को अम्मा, एक और भाड़ा है," म्हणाला आणि गेला.

आरतीची घंटा झाली, थांबतो. पुष्पकचं वेळापत्रक मोबाइलवर कसं पाहायचं हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी प्रसादानंतर माझ्याकडे यावं. येताना चष्मा आणावा.