व्यवसायोपचार आणि आपले घर
(महोत्सवाच्या सभेतील भाषण)



अर्धांगवायूच्या रोग्याचा प्राण वाचला म्हणजे उपचार संपला, असे आपण समजतो. परंतु घरी परतल्यावर त्याला भाकरीचा तुकडा मोडता येईना, सदऱ्याची गुंडी लावता येईना, तर तो जगला खरा; पण घरच्या कामकाजात त्याचा वाटा कोणता उरला? तो वाटा परत मिळवून देणाऱ्या विद्येस व्यवसायोपचार म्हणतात.

आपल्या देशातील तिचे पहिले विद्यालय जन्माने अमेरिकन असलेल्या श्रीमती कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

ही विद्या केवळ पुस्तकांनी साध्य होत नाही. जागतिक संघाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्यास निदान १००० तास प्रत्यक्ष रोग्यांमध्ये शिकावे लागते. तेही बालके व वृद्ध, देहाचे व मनाचे रोगी, रुग्णालय व वस्ती अशा भिन्न ठिकाणी. कारण उघड आहे. शहरातील रोग्याला खुर्चीवरून उठावयाचे असते, आमच्या जाफराबादच्या शेतकऱ्याला जमिनीवरून. त्याला कपाशी वेचावयाची असते, त्याच्या कारभारणीला चुलीपुढे भाकरी थापावयाची असते. जो आमचा उंबरठा ओलांडीत नाही, त्यास हे कसे कळावे?

म्हणून माझी विनंती एवढीच की, असा विद्यार्थी दारी आल्यास घरातील पंगू माणसास माजघरात लपवू नका. त्याला घास भरविणे ही माया खरी. परंतु घास सांडला तरी त्याचा त्याला खाऊ देणे, ही त्याहून मोठी माया होय.