संगणकशास्त्रातील प्रबंध आणि घरचा हिशेब



संगणक अभियांत्रिकीतील डॉक्टरेट या विषयावर बोलावे असे मंडळाने सुचविले, तेव्हा समोर तरुण श्रोते असतील असे आम्हांस वाटले होते. पाहतो तो बहुतेक पालकच! हेही योग्यच झाले. कारण मुलगी ‘नोकरी नको, संशोधन करते’ म्हणाली, की पहिला प्रश्न घरातूनच येतो : खर्च कोण करणार?

मोठ्या शासकीय संस्थांत पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. उलट दरमहा विद्यावेतन मिळते. पदव्युत्तर पदवी, ‘गेट’ किंवा ‘नेट’मधील यश आणि मुलाखत हा नेहमीचा मार्ग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांनाही दार उघडले आहे. केंद्र शासनाची संशोधन पाठ्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये झाली. संगणक कंपनीतील पगाराशी हिची तुलना करू नका, असे आम्ही म्हणणार नाही, ती होणारच. याच क्षेत्रातील संशोधकांसाठी केंद्राने २०१४ साली विश्वेश्वरय्यांच्या नावे योजना काढली. ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, हे आम्हा बंगळूरच्या मराठी मंडळींना आवर्जून सांगावेसे वाटते.

खरी अडचण निराळी आहे. पाठ्यवृत्ती पाच वर्षांची, आणि आयोगाचे नियम प्रबंधास सहा वर्षे देतात. त्यात संगणकशास्त्रात विषय लवकर शिळा होतो. आपण अर्ध्या वाटेवर असतो आणि दुसराच कोणी तो प्रश्न सोडवून परिषदेत मांडतो. आमच्या एका विद्यार्थिनीचे असेच झाले. सहाव्या वर्षी वेतन थांबले. दिवसा तासिकांवर शिकवून ती रात्री प्रबंध लिही. खोलीचे भाडे आईने साठविलेल्या पैशांतून भरले. पदवी मिळाली, परंतु हा हिशेब पहिल्याच वर्षी तिच्यापुढे मांडणे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही.

म्हणून प्रवेशापूर्वी मार्गदर्शकाला निःसंकोच विचारावे : आपल्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली? पाठ्यवृत्ती संपल्यावर एखाद्या प्रकल्पातून वेतनाची सोय होते काय? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. आमची ती विद्यार्थिनी आज स्वतः मार्गदर्शक आहे. नवा विद्यार्थी आला, की या दोन प्रश्नांची उत्तरे ती न विचारताच देते.