मोजणीबाहेरची बाई

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



रजोनिवृत्ती हा शब्द राजकीय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींना नवल वाटले असेल. हा डॉक्टरांचा विषय, फार तर महिला आघाडीचा. ऊसदर, रोजगार हमी आणि भूसंपादन यांच्या पंक्तीत तो कसा आला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु पाणी आणि रॉकेल हेही एके काळी बायकांचे घरगुती विषय मानले जात. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया हंडे व लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कोठे ते राजकारणाचे विषय आहेत हे पुरुष नेत्यांच्या ध्यानी आले. त्याच्याही आधी, १९२१ साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. त्यांतील एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तेव्हा स्त्रीच्या शरीराविषयी स्वच्छ बोलण्याची परंपरा मराठीत नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र ती गर्भधारणेच्या प्रश्नापासून सुरू झाली आणि बव्हंशी तेथेच थांबली.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रीच्या बाबतीत ही अवस्था सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते. पाश्चात्त्य देशांत ती पन्नाशीच्या पुढे येते. तत्पूर्वीची काही वर्षे पाळी अनियमित होते, कधी रक्तस्राव फार होतो; अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, छाती धडधडते, सांधे धरतात, चित्त थाऱ्यावर राहत नाही. हा आजार नव्हे. पण अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून ती दुर्लक्ष करण्याजोगी गोष्टही नव्हे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. आज स्त्रीचे आयुर्मान सत्तरीच्या पुढे गेले आहे. याचा अर्थ पाळी गेल्यानंतर बाईला पंचवीस वर्षे जगायचे असते, आणि कष्टकरी बाईच्या बाबतीत त्यांतील बहुतेक वर्षे राबायचेही असते.

या पंचवीस वर्षांची शासनाच्या लेखी किंमत काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हा या देशातील आरोग्यविषयक आकडेवारीचा सर्वांत मोठा आधार. तिच्यात स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या जातात त्या १५ ते ४९ या वयोगटाच्या. पुरुषांची मर्यादा मात्र ५४. पन्नासावे वर्ष लागले की बाई या मोजणीतून बाहेर पडते. २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढील स्त्री-पुरुषांची एक स्वतंत्र, मोठी पाहणी झाली हे खरे, आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. परंतु सरकारी आरोग्ययंत्रणेची घडणच कुटुंबनियोजन आणि माता-बाल संगोपन यांभोवती झालेली आहे. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. तेव्हापासून उपकेंद्रातील परिचारिकेच्या नोंदवहीत बाईला जागा मिळाली ती गरोदर, बाळंतीण किंवा शस्त्रक्रियेस पात्र म्हणून. जी यांपैकी काहीच नाही, तिच्यासाठी रकाना नव्हता.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झाली होती ती अवघ्या ८ टक्के स्त्रियांची. बाळंतपणाखेरीजही स्त्रीला शरीर असते, ही गोष्ट या अभ्यासाने जगापुढे मांडली. तिचा पुरता अर्थ सरकारी यंत्रणेने घेतला असता, तर बीडचे प्रकरण घडले नसते असे म्हणण्यास जागा आहे.

बीडचे प्रकरण सविस्तर पाहिले पाहिजे, कारण या विषयाचे सारे अर्थकारण त्यात उघडे पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम मजुराला गणतो तो माणूस म्हणून नव्हे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल त्या कोयत्याच्या नावावर दिली जाते आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. एक दिवस काम बुडाले तर 'खाडा' लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी जातेच, वर पैसे कापले जातात. बाई पहाटे उठते, स्वयंपाक करते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरू लागते. राहायला उसाच्या पाचटाची कोपी. न्हाणीघर नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांत या बाईने काय करावे, याचा विचार त्या व्यवस्थेत कोठेच बसत नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाते, ओटीपोट दुखते. ती गावी परतल्यावर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते, आणि तेथे तिला 'पिशवी' काढण्याचा सल्ला मिळतो.

२०१९ साली या प्रश्नाचा गवगवा झाला, तेव्हा राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हे, त्यामुळे एका आकड्याला दुसऱ्याने भागून घोषणा तयार करण्याचा मोह आवरावा. अंतर एवढे आहे की अतिशयोक्तीची गरजच नाही. यांतील अनेकींचे वय शस्त्रक्रियेच्या वेळी पस्तिशीच्याही आत होते.

या स्त्रिया केवळ फसविल्या गेल्या, असे म्हणून थांबणे सोपे आहे आणि अपुरे आहे. त्यांच्यापैकी अनेकींनी हा निर्णय हिशेब करून घेतला होता. मुले झाली आहेत, नसबंदी विशी-पंचविशीतच झाली आहे. आता पिशवीचा उपयोग तो काय? ती गेली तर महिन्याची कटकट जाईल, खाडा वाचेल, कर्करोगाची भीतीही राहणार नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील विवेकी ग्राहक याहून निराळा विचार करीत नाही! मात्र हा हिशेब ज्या किमतींवर मांडला गेला, त्या किमती कोणी ठरविल्या, हे ते पाठ्यपुस्तक विचारत नाही. शिवाय शस्त्रक्रियेचा खर्च, जो त्या वेळच्या वृत्तान्तांत तीस हजारांच्या आसपास नोंदला गेला, पुष्कळदा मुकादमाकडूनच उचलला जाई. म्हणजे खाडा वाचविण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पुढील हंगामाची उचल वाढवी, आणि टाके ओले असतानाच बाई पुन्हा मोळीखाली जाई.

या हिशेबात एक मोठी रक्कम धरलेलीच नव्हती. पिशवी काढताना पुष्कळदा अंडाशयेही काढली जातात. ती काढली की रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, एका दिवसात येते. मग वय तीस का असेना. अंडाशये राखली तरी त्यांचे कार्य नेहमीपेक्षा काही वर्षे आधी मंदावण्याचा संभव असतो. पंचेचाळिशीच्या आत अशी स्थिती आली तर हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकार आणि अकाली मृत्यू यांचा धोका वाढतो. म्हणून अशा स्त्रीला, काही वैद्यकीय अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असे शास्त्र सांगते. फडातल्या बाईला ती कोण देणार? तिची कंबर धरते, मोळी उचलवत नाही, रात्री झोप येत नाही, ती चिडचिडी होते. घरचे म्हणतात, बाई आळशी झाली. मुकादम म्हणतो, कोयता अर्धा झाला. तिला स्वतःला वाटते की शस्त्रक्रिया बिघडली. ज्या अवस्थेचे नावच तिच्या कानी पडलेले नाही, तिच्याविषयी ती तक्रार तरी काय नोंदविणार?

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकसेवेच्या अर्थकारणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील मुख्य मुद्दा साधा आहे: भाजीबाजारात गिऱ्हाईक भाजी पारखून घेते, पण वैद्यकसेवेत काय विकत घ्यावयाचे हे विकणाराच सांगतो. ज्ञानाची ही विषमता जेथे सर्वांत तीव्र, तेथे बाजार सर्वांत निर्दय. देशातील अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी रुग्णालयांत होतात, असे त्याच २०१५-१६ च्या पाहणीत दिसले. आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी कारण सांगितले ते अतिरक्तस्रावाचे. चाळिशीनंतरचा अतिरक्तस्राव पुष्कळदा रजोनिवृत्ती जवळ आल्याची खूण असते. तिशीतल्या बाईत त्याची कारणे निराळी असू शकतात. दोन्ही ठिकाणी आधी तपासणी करायची असते आणि मग बहुधा औषधांनी भागते. शस्त्रक्रिया कधीच लागत नाही असे नव्हे. मोठ्या गाठी असतील, कर्करोग असेल, तर ती प्राण वाचविते. परंतु शेवटचा उपाय पहिला झाला, कारण पहिले उपाय द्यायला गावात कोणी नव्हते.

विम्याने ही पोकळी भरून निघेल असे मानणाऱ्यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान यांकडे पाहावे. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेत सरकार खासगी रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे पैसे देई, तपासून घरी पाठविण्याचे देत नसे. तेव्हा काय वाढले असेल हे सांगायला नको. या तीन राज्यांतील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि केंद्राने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले. बीडमध्येही २०१९ नंतर खासगी रुग्णालयांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले. बंधन योग्यच. पण परवानगी नाकारलेल्या बाईच्या दुखण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न परवानगीच्या अर्जाखाली तसाच राहतो.

कर्करोगाच्या भीतीचा उल्लेख वर आला. या भीतीला उत्तर बीडच्या शेजारीच शोधले गेले, हा दैवदुर्विलास. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने आणि पुढील उपचाराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. म्हणजे मराठवाड्यातील गरीब स्त्रियांनी जगाला ज्ञान पुरविले. त्यांना परत काय मिळाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. तपासणी नाही तेथे भीती राहते, आणि भीती विकली जाते.

शहरातील सुखवस्तू स्त्रीची स्थिती निराळी असली तरी फार चांगली नाही. तिला सल्ला मिळतो, पण तोही पुष्कळदा गोळ्या, चूर्णे आणि महागड्या तपासण्यांच्या जाहिरातींतून. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर संप्रेरकांविषयी जी घबराट पसरली, ती पुढील विश्लेषणाने पुष्कळ निवळली आहे. साठीच्या आतील निरोगी स्त्रीला तीव्र त्रास असेल तर हा उपचार विचार करण्याजोगा आहे. हे तिला निःस्वार्थपणे सांगणारा डॉक्टर मिळावा, एवढीच तिची गरज.

चळवळीकडे पाहता, ऊसतोड मजुरांच्या मागण्यांत टनामागचा दर, मुकादमाचे कमिशन आणि अपघाताचा विमा ही कलमे ठळकपणे येतात, यायलाच हवीत. त्यांच्या शेजारी चाळिशीपुढील बाईचे कलम हवे. जिल्ह्याच्या ठिकाणी रजोनिवृत्तीसाठी स्वतंत्र कक्ष उघडले तर ते स्वागतार्ह; पण ज्या बाईला तालुक्याला जायला दिवस मोडावा लागतो, तिच्यासाठी ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रातच असली पाहिजे: रक्तदाब, साखर, रक्तातील लोह, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी, रक्तस्रावावरची औषधे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर थांबायचे नाही, एवढी एक गोष्ट जरी आशा सेविकेने घरोघर सांगितली तरी काही प्राण वाचतील. टोळ्या निघण्यापूर्वी गावातच तपासणी व्हावी, तिचे कार्ड मिळावे, आणि ते कर्नाटकातल्या कारखान्याच्या तळावरही चालावे. नवरा-बायकोचा एक कोयता मोडून बाईचे नाव स्वतंत्रपणे हजेरीवर येत नाही, तोवर खाड्याविना रजेची मागणी कोणाच्या नावाने करणार, हाही प्रश्न आहे.

आणि एक काम असे की त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ज्या बायांची पिशवी काढलेली आहे, त्यांची यादी गावातील कार्यकर्त्या आठवड्याभरात करू शकतात. शस्त्रक्रियेचे वय, दवाखान्याचे कागद आहेत की नाहीत, नसतील तर ते मागून घेण्याचा अर्ज. अंडाशये राखली की काढली, हे त्या कागदावर लिहिलेले असायला हवे. बहुतेक बायांना ते कोणी वाचून दाखविलेले नसते.