जामीन कुणाला राहावे?

इस्रायलमधल्या सामुदायिक शेतवसाहतींचे किबुत्स हे नाव आपल्याकडे अनेकांनी ऐकलेले असते. तिथलाच दुसरा प्रकार, मोशाव, फारसा कुणाला ठाऊक नसतो. मूळच्या किबुत्समध्ये शेत, गोठा, जेवणघर सारेच सामाईक होते. मोशावात प्रत्येक कुटुंबाचे घर आणि शेत वेगळे, कष्टाचे फळही ज्याचे त्याला. मात्र जमीन वसाहतींसाठी जमीन विकत घेणाऱ्या ज्यू राष्ट्रीय निधीची, आणि खरेदी, विक्री व कर्ज गावाच्या सहकारी संस्थेमार्फत होत असे. ही कल्पना एलिएझर याफे यांनी १९१९ मध्ये एका पुस्तिकेत मांडली, आणि १९२१ च्या सप्टेंबरात इझ्रेल खोऱ्यातल्या दलदलीच्या, हिवतापाच्या जमिनीवर नहलाल हे मोशाव गाव वसले. वसवणारे बहुतेक पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वास्तुशिल्पी रिचर्ड काउफमान यांनी गाव वर्तुळाकार आखले: मध्ये सार्वजनिक इमारती, भोवती घरे, घरांमागे शेते. या आखणीत मला सहकाराचे मर्म दिसते. सगळ्यांची जमीन सारखी आणि मजूर न लावता घरच्यांनीच कसायची असा नियम होता. म्हणून शेजाऱ्याची ऐपत किती, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते. संस्थेच्या कर्जासाठी एकमेकांना जामीन राहण्याची पद्धत त्या दिसण्यावर उभी होती.

यावर कुणी म्हणेल, निधीची जमीन आणि बाहेरचा पैसा नसता तर हे गाव उभेच राहिले नसते. खरे आहे, पण तशीच मदत मिळूनही अनेक वसाहती मजुरांवर विसंबल्या. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या खोऱ्यातली बरीच जमीन बैरुतच्या सुरसुक घराण्याकडून विकत घेतली गेली आणि ती कसणाऱ्या अरब कुळांना उठावे लागले. ‘स्वतःचे श्रम’ या नियमानेही अरब मजुराला शेताबाहेरच ठेवले. गावातली समता खरी होती आणि गावाबाहेरच्यांवरचा अन्यायही खरा होता. पहिलीचे कौतुक करताना दुसरा झाकता येत नाही.

राहिला तिसरा आक्षेप: एवढे चांगले होते तर १९८० नंतर शेकडो मोशाव कर्जात का बुडाले? महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५ मध्ये सरकारने ती आवरली, तेव्हा व्याजाचे दर असह्य झाले. एवढ्याने सहकार मोडला असे मी मानत नाही. तोवर कर्ज गावाच्या हातून निसटून प्रादेशिक खरेदी संस्थांकडे गेले होते आणि जामीनकी मात्र जुन्याच शब्दांत चालू होती. ज्याने जपून खर्च केला, त्याच्यावरही न पाहिलेल्या माणसांच्या कर्जाचा बोजा पडला. शेवटी १९९२ मध्ये कायदा करून कर्जांचा काही भाग माफ करावा लागला आणि उरलेल्याचे हिशेब कुटुंबागणिक वेगळे करण्याचे काम सुरू झाले. हमीची रक्कम किती, यापेक्षा ती कुणी कुणाला पाहून दिली हा प्रश्न तेव्हा अगोदर विचारला गेला असता, तर बऱ्याच गावांतली जुनी जामीनकी टिकली असती असे मला वाटते.