श्यानतेचीं दोन मापें

स्वयंपाकघरांत पाणी, तेल आणि काकवी यांचीं भांडीं एकामागून एक कलतीं केलीं, तर पाणी क्षणांत ओघळतें, तेल सावकाश वाहतें आणि काकवीची धार पडावयासच वेळ लागतो. वाहतांना द्रवाचे थर एकमेकांस जो अडथळा करितात, त्यास शास्त्रांत श्यानता म्हणतात. व्यवहारांत तिला दाटपणा म्हणण्याची चाल आहे. परंतु हा दाटपणा म्हणजे जडपणा नव्हे. तेल पाण्यावर तरंगतें, म्हणजे तें पाण्याहून हलकें. तरी वाहण्यांत तें पाण्याहून मंद असतें. एवढा भेद ज्याच्या ध्यानांत राहील, त्यास पुढील हिशेब अवघड जाणार नाहीं.

श्यानता मोजण्याच्या रीति दोन आहेत. द्रवांत एक दांडा फिरवावा आणि त्यास किती जोर लागतो तें पाहावें, ही एक. या रीतीनें गतिकीय श्यानता मिळते. तिचें जुनें एकक पॉइज. सूक्ष्म नळ्यांतील प्रवाहाचा अभ्यास करणारे फ्रेंच वैद्य प्वाझय (१७९७–१८६९) यांच्या नांवावरून तें पडलें. दुसरी रीत अशी कीं, बारीक कांचनळींतून द्रव आपल्याच भारानें खालीं उतरूं द्यावा आणि घड्याळ लावून वेळ मोजावा. येथें जड द्रव स्वतःस अधिक जोरानें खालीं ओढितो. म्हणून मिळणाऱ्या आंकड्यांत घनतेचा वांटा आधींच मिसळलेला असतो. ही शुद्धगतिकीय श्यानता. तिचें एकक स्टोक्स. केंब्रिजचे गणिती स्टोक्स (१८१९–१९०३) यांचें तें स्मारक होय.

एकाच घराण्यांतील एककें बदलणें हा केवळ दशांशचिन्हाचा खेळ आहे. १० पॉइज म्हणजे १ पास्कल-सेकंद. १ सेंटिपॉइज म्हणजे १ मिलिपास्कल-सेकंद. तसेंच १ सेंटिस्टोक्स म्हणजे सेकंदास १ चौरस मिलिमीटर. परंतु एका घराण्यांतून दुसऱ्यांत जावयाचें, तर वाटेंत घनतेचा उंबरठा ओलांडावा लागतो. सेंटिस्टोक्सला दर घन सेंटिमीटरास ग्रॅम या मापांतील घनतेनें गुणिलें, कीं सेंटिपॉइज मिळतात. उलट जातांना भागावें.

पाण्याची घनता जवळजवळ १ असल्यामुळें २० अंश सेल्सिअसला त्याचे दोन्हीं आंकडे सुमारें १ येतात, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. पारा पाहा. त्याची गतिकीय श्यानता सुमारें १.५५ सेंटिपॉइज, म्हणजे पाण्याहून अधिक. पण घनता १३.५५ असल्यामुळें भागाकार केवळ ०.११ सेंटिस्टोक्स येतो. हवेचा प्रकार याच्या उलट. तिचे सेंटिपॉइज अवघे ०.०१८, परंतु घनता ०.००१२, म्हणून सेंटिस्टोक्स सुमारें १५! एका मापानें हवा पाण्याहून पुष्कळ पातळ, तर दुसऱ्यानें पंधरापट श्यान ठरते. दोन्हीं आंकडे खरेच आहेत. प्रश्न मात्र निरनिराळे आहेत.

ही बाब केवळ पाठ्यपुस्तकांतली नव्हे. यंत्रांच्या तेलाच्या डब्यावर ४६ हा आंतरराष्ट्रीय श्यानतेचा दर्जा असतो, तो ४० अंशांवरील सेंटिस्टोक्सचा आंकडा होय. त्या उष्णमानास तेलाची घनता ०.८५ धरिली, तर गुणाकार ३९ सेंटिपॉइज येतो. फिरता दांडा आणि त्याचा आधार यांमधील तेलाच्या पापुद्र्याचा हिशेब गतिकीय श्यानतेवर चालतो. यंत्र रचणाऱ्यानें ४६ सेंटिपॉइज मागितले आणि भांडारवाल्यानें ४६ अंकाचा डबा दिला, तर तेल अपेक्षेहून सुमारें १५ टक्के पातळ निघेल. पापुद्रा त्या मानानें झिरझिरीत होईल, आणि तो तुटला कीं धातूवर धातू घासूं लागेल.

आणखी एक सावधगिरी हवी. तेल तापलें कीं त्याची श्यानता झपाट्यानें उतरते आणि घनताही थोडी घटते. यास्तव हिशेबांत घ्यावयाची घनता त्याच उष्णमानाची पाहिजे. श्यानतेचा कोणताही आंकडा हातीं आला, तर तो कोणत्या मापाचा आणि किती अंशांवरचा, हे दोन प्रश्न आधीं विचारावे, गुणाकार त्यानंतर.